ताजा जबाब

"सदर खोलीत माझ्यासमक्ष सही झाली, त्याबाबत माझी पूर्ण खात्री आहे, तुम्ही अजिबात काळजी करू नका," असं काका फोनवर म्हणाले आणि तिच्या हातातली इस्त्री कॉलरवर तशीच टेकून राहिली. आधी तिला हसूच आलं. सदर! सकाळी सकाळी, चहाचा घोट घेता घेता, घरच्या फोनवर कोणी सदर म्हणतं का? काका नाकासमोर चालणारा माणूस खरा, पण त्यांची जीभ काही तितकी सरळ नव्हती. पहिल्या भेटीत त्यांनी आपल्या मॅनेजरचा उल्लेख 'तो ढेरपोट्या' असा केला होता, आणि अध्यक्षांचा जो केला होता तो तिनं लिहूनच घेतला नव्हता. "काय म्हणालात काका?" तिनं विचारलं. "म्हटलं, बिनघोर या. घोकून ठेवलंय सगळं." मागून काकू काहीतरी बोलल्या आणि फोन बंद झाला. आवाज काकांचा होता, पण वाक्य काकांचं नव्हतं. ते तिचं होतं. तिनंच कधीतरी ऑफिसात बसून, मान मोडेपर्यंत टाईप केलेलं. "अगं, जळतंय काहीतरी," नवरा आतून ओरडला. शर्ट त्याचाच होता. ती म्हणाली, दुसरा घाल.

तपास खात्यातल्या तिच्या ऑफिसात या प्रकरणाला 'म्हातारी' म्हणत. काय, कशी आहे म्हातारी? आहे आपली, खाटेवर. खातेपिते का काही? फाईलवर फाईल खाते. असे विनोद करणारेही एकेक करून बदलून गेले, निवृत्त झाले, एक तर जिन्यातच छातीत कळ येऊन गेला, पण म्हातारी होती तिथं होती आणि तिच्या उशाशी ही होती. तिच्याकडे प्रकरण आलं तेव्हा मुलगी दुधाच्या दातांची होती. आता ती दुसऱ्या शहरात नोकरी करते आणि आईलाच फोनवर वेळेवर जेवत जा म्हणून दटावते. प्रकरण तसं सांगायला सोपं. पाणी मंडळाच्या अध्यक्षांनी परदेशी कंपनीकडून पाणी शुद्ध करायची यंत्रं घेतली. यंत्रं आली, फीत कापली, फोटो निघाले, आणि नळाला आजही सकाळी पहिली बादली गढूळ येते ती ओतून द्यावी लागते. यंत्रांच्या किमतीतला मोठा हिस्सा तिसऱ्याच देशातल्या एका बँकेत, एका कागदी कंपनीच्या खात्यात जाऊन बसला. ते खातं तिथल्या कोर्टानं गोठवून ठेवलं होतं. पैसा होता, दिसत होता, काचेच्या कपाटात ठेवल्यासारखा. हात लावता येत नव्हता एवढंच. घोडं अडलं होतं सहीपाशी. खातं उघडायच्या अर्जावर जी सही होती ती इतकी थरथरलेली, की अक्षरांच्या तज्ज्ञांनी अध्यक्षांची असू शकेल, नसूही शकेल, असा अहवाल दिला. एवढं शिकून हे! मग उरले काका. यंत्रं विकणाऱ्या कंपनीच्या इथल्या कचेरीतले हिशेबनीस. कंपनीचा शिक्का पिशवीत घालून त्यांना विमानानं त्या देशात नेलं होतं, आणि विमानतळाजवळच्या एका साध्या हॉटेलात, त्या खोलीत, सही झाली तेव्हा ते हजर होते. बाकीचे हजर असलेले एकतर आरोपी होते किंवा वारले होते. काकांवर विश्वास बसला तर पैसा परत येणार. नाही बसला तर खातं मोकळं होणार, आणि ते मोकळं करून मिळावं म्हणून अध्यक्षांच्या मुलाचा अर्ज तिथं केव्हाचा तयार होता.

आणि आज, इतक्या वर्षांनी, तिथला न्यायाधीश पडद्यावरून काकांची साक्ष घेणार होता. एवढ्या वर्षांत काय काय झालं हे तिला कोणी विचारलं तर तिच्या डोळ्यांसमोर फक्त लिफाफे येत. विनंती पाठवली की महिनोन् महिने उत्तर नाही, आणि उत्तर यायचं ते असं, की शिक्का लाल हवा होता, निळा मारलाय. शिक्का लाल केला तर तोवर तिकडच्या खात्याचं नाव बदललेलं. नाव दुरुस्त केलं तर जबाब जुना झाला, ताजा जबाब पाठवा. दर वेळी ताजा जबाब. मग ती काकांकडे जायची, काकू चहा टाकायच्या, आणि ती म्हणायची, काका, पुन्हा एकदा. पहिल्या दोन वेळा काकांनी खरंच पुन्हा सांगितलं, आणि दोन्ही वेळा थोडं थोडं वेगळं. पहिल्यात दुपार होती, दुसऱ्यात संध्याकाळ होत आली होती. साहेबांनी तिला समोर बसवून सांगितलं, असे दोन तोंडांचे जबाब गेले तर वकील आपली पिसं काढील. आधीचा वाचून दाखवत जा आणि फरक असेल तर विचार. शहाणपणाचंच होतं ते. सगळे तसंच करत. म्हणून मग तिसऱ्यांदापासून ती जुना जबाब वाचून दाखवू लागली आणि काका मान डोलवू लागले. बरोबर आहे का काका? बरोबर. सही इथं. कितीदा झालं हे, ते मोजायचंही दोघांनी सोडून दिलं होतं. आज सकाळी मात्र इस्त्रीच्या त्या करपलेल्या वासात तिला पहिल्यांदा वाटलं की काकांना ती खोली आता आठवतच नसेल. त्यांना जबाब आठवत असेल. आणि खोली? खोली तिला आठवत होती! जिथं ती जन्मात गेली नव्हती तिथला जाड पडदा, खिडकीबाहेरून जाणारं विमान, टेबलाचा कोपरा. स्वतःच्या लग्नात तिनं काय नेसलं होतं ते फोटो पाहिल्याशिवाय सांगता आलं नसतं, पण अध्यक्षांनी पेनाचं टोपण दातात धरलं होतं हे ती झोपेतून उठवलं तरी सांगू शकली असती. हे काय झालं आपलं, तिला वाटलं. माणसाला मिळून एकच आयुष्य मिळतं आणि त्यातलं निम्मं आपण दुसऱ्याच्या हॉटेलात घालवलं.

काका तयार होऊन दारातल्या स्टुलावर बसले होते. कोट घातला होता, तो आता खांद्यांत सैल झालेला. "हल्ली विसरतात हो ताई," काकूंनी तिला आत घेऊन हळूच सांगितलं. "परवा मला विचारलं, धाकटा शाळेतून आला का. धाकट्याला नातू व्हायची वेळ झाली. पण तुमचं ते मात्र घडाघडा म्हणतात. आंघोळीत म्हणतात." हे काकूंनी कौतुकानं सांगितलं, आणि ती हसली, कारण दुसरं काय करणार. गाडीत, सिग्नलला, काका म्हणाले, "बाई, एकदाचं होऊन जाऊ दे. डोळे मिटायच्या आत नळाला स्वच्छ पाणी बघू दे, मग मी मोकळा." तिला त्यांचा हात धरावासा वाटला. धरला नाही. साक्षीच्या दिवशी साक्षीदाराचा हात धरू नये असं काही कुठं लिहिलेलं नाही, पण इतकी वर्षं नोकरी केल्यावर माणसाला न लिहिलेल्या गोष्टीसुद्धा आड येतात.

साक्षीच्या खोलीत वातानुकूलन इतकं होतं की काकांनी कोटाची सगळी बटणं लावली. समोर मोठा पडदा, त्यात तिकडचा न्यायाधीश, बारीक चणीचा, सर्दी झालेला, सारखा रुमाल काढणारा. शेजारच्या चौकटीत अध्यक्षांचा वकील. इकडे काका, त्यांच्या बाजूला एक तरुण दुभाषा, आणि कडेच्या बाकावर ती, मांडीवर शेवटचा ताजा जबाब उघडून. काका बोलू लागले. सदर दिवशी. माझ्यासमक्ष. दुभाषा भराभर भाषांतर करत होता, त्याला सोपंच जात होतं, आणि तिचं बोट ओळीखालून सरकत होतं. एकही शब्द इकडचा तिकडे नाही. इतकं बिनचूक, की तिला घाम फुटला. न्यायाधीशानं नाक पुसलं आणि दुभाष्याकरवी म्हटलं, हे सगळं मी वाचलेलं आहे. मला कागदावर नाही असं काहीतरी सांगा. ती खोली कशी होती? तुम्ही कुठं होता? काका थांबले. तिचं बोट थांबलं. गेलं, तिला वाटलं, संपलं सगळं. काकांनी डोळे मिटले, मग उघडले, आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला. "मी खुर्चीवर होतो," ते म्हणाले. "हिरवी, रेक्झिनची. बैठकीला मधोमध चीर गेलेली. उठायला गेलं की त्या चिरेत मांडी सापडायची, अस्सा चिमटा बसायचा! शेवटी मी वर्तमानपत्राची घडी करून खाली घेतली." काकांनी चिमटा बोटांनी करूनही दाखवला. न्यायाधीश हसला. तो लिहू लागला, मन लावून, रुमाल विसरून. अध्यक्षांच्या वकिलानं पेन खाली ठेवलं. दुभाष्यानं तिच्याकडे पाहून भुवया उडवल्या, म्हणजे जिंकलात.

आणि ती बाकावर गोठून गेली होती. कारण ती खुर्ची तिची होती. आईच्या शेवटच्या आजारात, सरकारी दवाखान्यात, खाटेशेजारची हिरवी खुर्ची. दिवसा ऑफिस आणि नंतर ती खुर्ची. आई झोपेत पाणी मागायची, हिनं उठावं तर मांडीला चिमटा, आणि तोंडातून शिवी निघायची ती नेमकी आईच्या कानावर. वर्तमानपत्राची घडी तिनंच केली होती. आई गेल्यावर ती ताज्या जबाबासाठी काकांकडे गेली, काका म्हणाले, कागद राहू द्या हो, आधी सांगा शेवटी त्रास नाही ना झाला; आणि तेव्हा ती रडायच्या ऐवजी त्या खुर्चीवरच बोलत सुटली होती, तासभर. काकांनी सगळं ऐकून घेतलं होतं. इतकं मनापासून ऐकलं होतं, की ते त्यांच्या अंगातच जाऊन बसलं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना चिमटा खरंच बसला होता. तिच्या मनात आलं, असू दे. कोणाचं काय बिघडतं? सही खरी, पैसा खरा, चोर खरा. एक खुर्ची तेवढी इकडची तिकडे. गढूळ पाणी पिणाऱ्या माणसांना खुर्चीशी काय करायचंय? आणि मी काही केलेलं नाही, मी नुसती गप्प बसणार आहे, गप्प बसायची तर इतक्या वर्षांची सवय आहे. आत कुठंतरी तिला एवढा थकवा आला होता की वाटलं, इथंच या बाकावर आडवं व्हावं आणि कोणीतरी म्हणावं, झालं हो, जा घरी.

तेवढ्यात न्यायाधीशानं विचारलं. नेहमीचाच प्रश्न होता तो, शेवटी विचारायचा म्हणून विचारायचा. तपास अधिकाऱ्यांनी उभं राहून सांगावं की साक्षीदारानं जे सांगितलं ते त्याचं स्वतःचं आहे, त्याला कोणी सुचवलेलं नाही. ती उभी राहिली. 'होय' म्हणायचं होतं, दोन अक्षरं. काका तिच्याकडे वळून बघत होते, शाबासकीची वाट बघत. "ती खुर्ची माझी आहे," ती म्हणाली. दुभाषा म्हणाला, "काय?" तिनं पुन्हा सांगितलं, सगळं सांगितलं, दवाखाना, आई, घडी, आणि मग दर वर्षी जबाब वाचून दाखवणंही. बोलताना आपण सगळं पाण्यात घालतोय हे तिला स्वच्छ कळत होतं, आणि तरी थांबता येत नव्हतं. अध्यक्षांच्या वकिलानं पेन उचललं.

"बाई, असं काय करताय?" काका म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान झाला होता की तिला तोंड कुठं लपवू असं झालं. "मी बसलोय हो त्या खुर्चीवर."

"नाही काका. मी बसले होते. मीच तुम्हाला सांगितली."

"छे! मला चिमटा बसलाय."

"मला बसायचा काका."

काकांनी पडद्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे. "मग मी कुठं बसलो होतो?" त्यांनी विचारलं. हे त्यांनी तिलाच विचारलं, आणि तिला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत तिनं त्यांना वेळ विचारली होती, तारीख विचारली होती, पेनाचा रंग विचारला होता. तुम्ही कुठं होता हे विचारायचं तिला सुचलंच नव्हतं. काका उठले. कोणी उठा म्हटलं नव्हतं. उठून उभे राहिले आणि त्यांचा उजवा हात सावकाश मागं, कमरेच्या वर गेला, कोटावरून चाचपडत. "बसलो नव्हतो मी," ते म्हणाले. "मला कोणी बस म्हटलंच नाही. त्या ढेरपोट्यानं चहा उलटा केला टेबलावर, सगळा चिखल. कागद ठेवायला जागा नाही. तर तो अध्यक्ष मला म्हणतो, ए, इकडे ये. वाक." काका वाकले. खरंच वाकले, त्या गारठलेल्या खोलीत, गुडघ्यांवर हात टेकून, आणि तसेच वाकलेले जमिनीकडे बघत बोलू लागले. "असा वाकलो. माझ्या पाठीवर कागद ठेवला आणि केली सही, लेकाच्यानं. शाई उतरेना म्हणून दोनदा गिरवली. टोचत होतं पेन. मला गुदगुल्या व्हायच्या, मी हलायचो, तर म्हणतो, नीट उभा राहा रे, टेबल कधी हलतं का? सगळे हसले." त्यांनी एक हात पुन्हा पाठीमागे नेला. "मी पण हसलो बाई. काय करणार? मी पण हसलो."

दुभाषा मध्येच अडखळला आणि त्यानं ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. काका कण्हत सरळ झाले. अध्यक्षांचा वकील हातातला कागद हलवत बोलू लागला होता, म्हणजे साक्षीदारानं सही होताना पाहिलेलीच नाही, त्याची पाठ होती तिकडे, आणि हे एकाही जबाबात नाही. दुभाष्यानं ते सांगितल्यावर काका म्हणाले, "बघायचं काय त्यात? अंगावर झाली की माझ्या!" न्यायाधीशानं अर्जाची प्रत मागवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि ती थरथरलेली सही डोळ्यांजवळ नेऊन कितीतरी वेळ पाहिली. बाकावर बसलेल्या तिला रडू फुटायच्या बेतात होतं. माणसाचा श्वास चालू होता त्या कागदाखाली, माणूस हसत होता, लाजेनं मरत होता, आणि तज्ज्ञ इतकी वर्षं भिंग लावून म्हणत होते, असू शकेल, नसूही शकेल. आणि काकांनी हे सांगितलं नव्हतं. कुठल्या तोंडानं सांगणार होते? ती पहिल्यांदा घरी गेली तेव्हा काकू चहाचे कप घेऊन शेजारीच उभ्या होत्या. तिनं विचारलं, तुमच्यासमोर सही झाली ना? ते म्हणाले, हो. तिनं लिहिलं, माझ्यासमक्ष.

मग आदेश झाला. दुभाष्यानं तो दोनदा सांगितला, चूक नको म्हणून. अक्षरांच्या तज्ज्ञांना पुन्हा बोलवावं, पाठीवर ठेवलेल्या कागदावर सही कशी उमटते ते तपासावं. साक्ष अपुरी आहे, ती पुढल्या तारखेला, म्हणजे तिकडच्या कोर्टाची सुट्टी संपल्यावर, पुढं चालू होईल. तोवर खातं गोठलेलंच राहील. आणि आतापर्यंत जबाब ज्या रीतीनं घेतले गेले ते ऐकल्यावर कोर्टाची सक्त ताकीद आहे, की तोवर साक्षीदारानं या विषयावर कोणाशीही बोलू नये, घरीही नाही. काही लिहून ठेवू नये, काही वाचू नये. आणि या अधिकारी बाईंनी त्यांना त्याबद्दल एक अक्षर विचारू नये, आणि त्यांनी सांगितलं तर ऐकू नये. "समजलं का?" न्यायाधीशानं विचारलं, आणि शिंकला. पडदा निळा झाला. दुभाष्यानं काकांना पाणी दिलं.

गाडीत बसल्यावर तिनं पट्टा लावला, त्यांचाही लावून दिला. काका आता निराळेच दिसत होते. कानांपर्यंत लाल, डोळ्यांत पाणी आणि चमक, वर्षानुवर्षं बंद खोलीतून कोणी बाहेर आल्यासारखे. "मी रागावलो नाही हां तुमच्यावर," ते म्हणाले. ती म्हणाली, मला माहीत आहे. वाहनांची रांग मुंगीच्या पावलानं सरकत होती. साहेबांचा फोन वाजला, तिनं तो वाजू दिला. उद्या काय ते ऐकायचंच आहे, तिला वाटलं, बदली करतात की चौकशी लावतात, करू देत. पण सुट्टी संपेपर्यंत! ज्यांना आपला धाकटा शाळेत नसतो हे आठवत नाही, त्यांनी एवढं सगळं एकट्यानं, कोणाला न सांगता, कुठंही न टिपता, सांभाळायचं.

"बाई," काका एकदम म्हणाले, "अजून एक आठवलं. त्याच्या दुसऱ्या हातात ना—"

"नको काका."

"अहो, एवढंच. फार महत्त्वाचं आहे. त्याच्या दुसऱ्या—"

"काका, नका सांगू. पाया पडते तुमच्या." इतकी वर्षं ती या माणसाला एकच म्हणत आली होती, सांगा काका, पुन्हा एकदा. काय होतं दुसऱ्या हातात? ते ऐकायला तिनं आज काय वाटेल ते दिलं असतं. "दुसरं काहीही बोला," ती म्हणाली. "काकूंबद्दल बोला."

"तिचं काय बोलायचं," काका म्हणाले. पुढच्या सिग्नलला तिनं सहज बाजूला पाहिलं. काका समोर बघत होते, हात मांडीवर घट्ट धरलेले, आणि त्यांचे ओठ हलत होते. आवाज न करता, पुन्हा पुन्हा, तेच तेच. विसरू नये म्हणून ते स्वतःलाच सांगत होते. अजून थोडा वेळ पाहिलं असतं तर ओठांवरून तिला शब्द कळले असते. तिनं मान दुसरीकडे वळवली आणि सिग्नल सुटेपर्यंत बाहेर बघत राहिली.